दादरला न उतरणारा रेणू

दम्याला घड्याळ कळतं. दिवसभर गप्प राहील, संध्याकाळी चाळीच्या पटांगणात क्रिकेट खेळू देईल, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला, दूधवाला जिना चढायच्या आधी, छातीत घरघर सुरू करून देईल. मग आजी उठून पाठ चोळते, आई कपाटात पंप शोधते आणि बाबा खिडकी उघडावी की लावावी या विचारात मध्येच उभे राहतात. ज्यांच्या घरी दमा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण पहाटेच का? आपल्या सगळ्यांच्याच श्वासनळ्या, अगदी तुमच्या-माझ्याही, पहाटे थोड्या अरुंद होतात. त्या सैल ठेवणारं ॲड्रेनलिन नावाचं रसायन शरीर स्वतःच बनवतं आणि रात्री त्याचं प्रमाण उतरतं. दमा नसेल तर याचा पत्ताही लागत नाही. दमा असलेल्याच्या नळ्या मात्र आधीच आतून सुजलेल्या असतात. त्यांचं कंबरडं मोडायला तेवढंही पुरतं.

आता एक सोपं गणित करा. पंपातलं जुनं, विश्वासू औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. ते काही मिनिटांत काम सुरू करतं आणि चार ते सहा तास टिकतं. रात्री दहाला घेऊन झोपलात तर संपणार कधी? दोन ते चारच्या दरम्यान. म्हणजे दमा जागा होणार आणि नेमकं तेव्हाच औषध घरी जाणार! बरं, एकदम जास्त घेऊन ठेवावं तर हात थरथरतात, छाती धडधडते. औषध वाढवून भागणार नव्हतं. तेच औषध बारा तास टिकवायचं होतं. इवलासा रेणू, त्याला बारा तास थांब म्हणून सांगायचं तरी कसं? ही गोष्ट त्याचीच आहे.

आधी छातीत डोकावू. घशाखाली श्वासनळी एकच असते. पुढे तिचे दोन फाटे होतात, दोनाचे चार, चाराचे आठ, असे वीसहून अधिक वेळा फाटे फुटत जातात. शेवटाकडच्या बारीक नळ्यांना कूर्चेची कडी नसतात; भोवती स्नायूंचे नाजूक पट्टे तेवढे असतात. मूठ आपण ठरवून आवळतो, पण हे पट्टे आपलं ऐकत नाहीत. धूळ, धूर, झुरळांची घाण, दमट गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, असं काही दम्याच्या नळीत शिरलं की हे पट्टे आपल्या मनाने आवळतात. नळी निम्मी अरुंद झाली तर तेवढीच हवा ढकलायला जोर दुप्पट लागत नाही, चौपटही नाही. तो लागतो सोळापट. त्यात श्वास सोडताना छाती बाहेरून दाबत असते, म्हणून दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणं जास्त अवघड जातं. ती सूं सूं शिट्टी बाहेर पडणाऱ्या हवेचीच.

आपल्या लालबाग-परळला या आवळलेल्या नळ्यांची ओळख फार जुनी आहे. इथे कापडगिरण्या होत्या, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. कापूस पिंजायच्या आणि विंचरायच्या खात्यात हवेत इतका बारीक कापूस उडायचा की माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तिथल्या काही कामगारांना एक विचित्र त्रास व्हायचा. सुट्टीचा दिवस मजेत जायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की काही तासांत छाती आवळायची. पुढच्या दिवशी जरा कमी, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी कमी. या आजाराचं नाव बिसिनोसिस. तो म्हणजे दमा नव्हे, पण आवळणाऱ्या नळ्या त्याच. मला यातली सुट्टीची गंमत फार नवलाची वाटते. रोज धूळ खाणारी नळी कशीबशी सोसते, आणि एक दिवस स्वच्छ हवा मिळाली की दुसऱ्या दिवशी जास्तच रागावते.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची छाती वर्षानुवर्षं तपासून या आजाराचा अभ्यास केला. त्यांनी आणखी एक काम केलं. लालबाग, चेंबूर आणि खार अशा तीन वस्त्यांतल्या लोकांची प्रकृती आणि तिथली हवा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तो अभ्यास १९८० साली छापून आला. हवेत धूर आणि वायू जास्त असले की खोकला आणि धाप वाढते, हे आज आपण सहज बोलून जातो. तेव्हा ते घरोघर फिरून, माणसांना नळीत फुंकर मारायला लावून, मोजून दाखवावं लागलं.

आता औषधाकडे वळू. ॲड्रेनलिन शुद्ध रूपात हाती आलं ते १९०१ च्या सुमाराला. ते वेगळं काढणारे शास्त्रज्ञ जपानी होते, जोकिची ताकामिने. लवकरच डॉक्टरांच्या ध्यानात आलं की याची सुई टोचली की आवळलेल्या नळ्या सैल पडतात. पण ॲड्रेनलिन नळ्यांवर थांबत नाही. हृदय पळवतं, रक्तदाब चढवतं, माणूस घाबराघुबरा होतो. औषध नळ्यांपर्यंत थेट पोचवलं तर? त्यासाठी काचेचं भांडं आणि रबरी फुगा असलेलं यंत्र होतं. फुगा दाबत बसायचं, भांडं सांभाळायचं, ते फुटलं की संपलं.

१९५५ साली अमेरिकेत तेरा वर्षांची एक मुलगी या यंत्राला कंटाळली. नाव सुझी. तिचे वडील जॉर्ज मेसन हे रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख. केसांवर मारायचा स्प्रे डब्यातून येतो, मग माझं औषध तसं का येत नाही, असं तिने वडिलांना विचारलं. कंपनीतल्या लोकांनी अत्तराच्या बाटलीसाठी बनवलेली, दर वेळी मोजकाच थेंब सोडणारी झडप उचलली आणि वर्षभरात, १९५६ साली, जगातला पहिला मोजून मात्रा देणारा पंप दुकानात आला. मोठ्या माणसांच्या लक्षात न आलेली गोष्ट सातवी-आठवीतल्या मुलीने विचारली, याचा मला लिहितानाही आनंद होतो.

आपल्याकडे हे फवारे बनवायला सुरुवात केली ती मुंबई सेंट्रलच्या सिप्लाने, १९७६ साली. ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये काढली. बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेला हा माणूस. तिचं मुख्य कार्यालय आता लोअर परळला आहे, आणि तेही कुठे, तर एका जुन्या गिरणीच्या जमिनीवर! जिथे कापसाच्या धुळीने छाती आवळायची तिथे आता छाती मोकळी करणाऱ्या पंपांचा कारभार चालतो.

पंपाशिवाय आपल्याकडे घरोघर दिसतो तो रोटाहेलर. कुणाकडे असेल तर त्यांच्या परवानगीने नीट बघा, तोंडाला मात्र लावू नका. पारदर्शक प्लास्टिकची बोटभर वस्तू. वरच्या चौकोनी भोकात कॅप्सूल उभी दाबायची, बूड गोल फिरवायचं, आत कॅप्सूलचे दोन तुकडे होतात आणि पांढरी भुकटी सांडते. मग तोंडाला लावून जोरात श्वास ओढायचा. कॅप्सूलचा तुकडा आत खडखडतो, तो आवाज आला की समजायचं, ओढ बरोबर लागली. यात गॅस नाही, बॅटरी नाही. तुमचा श्वास हेच इंजिन. पंपाचं उलटं असतं. तिथे डबा स्वतःच फवारा मारतो, म्हणून श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा. पुष्कळ जण नेमकी इथे गल्लत करतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. लहान मुलांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही, त्यांच्यासाठी मध्ये स्पेसर नावाचं प्लास्टिकचं पोकळ भांडं लावतात.

त्या भुकटीत बहुतेक सगळी दुधातली साखर असते, म्हणून जिभेला किंचित गोड लागते. खरं औषध किती? फॉर्मोटेरॉल नावाच्या औषधाची एक नेहमीची मात्रा असते ६ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. भागाकार करून बघा: एक ग्रॅम फॉर्मोटेरॉलमध्ये दीड लाखाहून जास्त मात्रा निघतात. कणसुद्धा मापातच हवेत, साधारण एक ते पाच मायक्रॉनचे. मोठा कण घशावर आपटून तिथेच बसतो, फार बारीक असेल तर उच्छ्वासाबरोबर बाहेर निघून जातो.

आता मुख्य करामत. नळीभोवतीच्या स्नायूपेशींवर ठरावीक आकाराच्या जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ॲड्रेनलिन तिथे बसलं की पेशीला निरोप जातो, सैल पड. हृदयावरही तशाच जागा असतात, पण थोड्या निराळ्या. साल्ब्युटामॉल १९६९ साली आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं ते यासाठी, की ते हृदयाला फारसं न छेडता नळ्यांवरच्या जागी बसतं. पण बसतं आणि लगेच सुटतं. पुन्हा बसतं, पुन्हा सुटतं. हळूहळू रक्तात वाहून जातं. संपला खेळ.

ते बनवणाऱ्या ग्लॅक्सो कंपनीत, इंग्लंडमध्ये, डेव्हिड जॅक नावाचे संशोधक होते. त्यांच्या गटाने एक अजब गोष्ट केली. साल्ब्युटामॉलचं डोकं जसंच्या तसं ठेवलं आणि मागे एक लांबलचक, तेलकट शेपूट जोडलं. या नव्या रेणूचं नाव सालमेटेरॉल. १९९० मध्ये ते इंग्लंडच्या दुकानांत आलं.

शेपटाने काय होतं? सकाळची चर्चगेटला जाणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. दादर आलं. दाराशी जो नुसताच उभा आहे, त्याला उतरायचं असो वा नसो, गर्दी त्याला उचलून फलाटावर ठेवते. पण ज्याने वरची कडी एका हाताने गच्च धरली आहे, तो हलतो, डुलतो, चार शिव्या खातो, तरी डब्यातच राहतो. दुसरा हात मोकळाच असतो. त्या हाताने तो मोबाईल काढेल, ठेवेल, पुन्हा काढेल. साल्ब्युटामॉल म्हणजे कडी न धरलेला प्रवासी. सालमेटेरॉलचं शेपूट म्हणजे कडी धरलेला हात, आणि डोकं म्हणजे मोकळा हात. शेपूट रिसेप्टरच्या तोंडाशी असलेल्या एका खोलगट जागेत अडकून बसतं आणि डोकं आपलं बसतंय, सुटतंय, पुन्हा बसतंय. दर वेळी पेशीला निरोप जातो, सैल पड, सैल पड. बारा तास!

हे आधी अंदाजाने सांगत होते. रिसेप्टर एवढा इवलासा की त्याचा आकार पाहणंच दुरापास्त. तो कसा दिसतो हे क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधण्यात ब्रायन कोबिल्का या शास्त्रज्ञाची कित्येक वर्षं गेली. २०१२ चं नोबेल पारितोषिक त्याला आणि त्याचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळालं. मग २०१८ मध्ये सालमेटेरॉल बसलेला रिसेप्टरच दिसला. शेपूट होतं तिथेच, त्या खोलगट जागेत.

शेपटाची किंमतही मोजावी लागते. एवढं लटांबर घेऊन जागेवर पोचायला सालमेटेरॉलला दहा-वीस मिनिटं लागतात. धाप लागलेल्या माणसाला तेवढा वेळ म्हणजे युग. म्हणून अचानक झटका आला तर सालमेटेरॉल कामाचं नाही.

मला विचाराल तर जास्त चतुर रेणू फॉर्मोटेरॉल. ते जपानमध्ये सापडलं. गोळी करून पोटात घेतलं तर ते फार वेळ टिकतच नव्हतं, त्यामुळे त्याच्यात एवढी चिकाटी असेल असं कुणाला वाटलं नाही. श्वासावाटे दिलं आणि बारा तास टिकलं! कारण असं, की ते थोडं तेलात रमतं, थोडं पाण्यात. नळ्यांत पोचलं की त्यातलं काही थेट रिसेप्टरवर बसतं, म्हणून दोन-तीन मिनिटांत आराम पडतो. उरलेलं पेशीच्या तेलकट पापुद्र्यात दडून बसतं आणि तासन्‌तास हळूहळू बाहेर झिरपत राहतं. लवकर येणं आणि उशिरापर्यंत थांबणं, दोन्ही जमणारी माणसंसुद्धा कमी असतात.

तिसरी तऱ्हा बघायला आपल्याला दादरच्या फुलबाजारात जावं लागेल, गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी. गुडघाभर पानाफुलांच्या चिखलातून वाट काढत गेलात की पत्रीची जुडी मिळते. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्र्याचं पान असतं. हात लावलात तर साबणाने धुवा, चुकूनही तोंडात घालू नका. धोत्रा विषारी आहे. पूर्वी वाटमारे प्रवाशांना अन्नातून धोत्रा घालून बेशुद्ध करत आणि लुटत. पण याच झाडाची वाळलेली पानं जाळून दम्याचे रोगी धूर ओढत. ही युक्ती १८०२ च्या सुमाराला मद्रासहून इंग्रजांनी स्वतःच्या देशात नेली. पुढे तिकडे दम्याच्या चक्क सिगारेटी विकल्या जायच्या. तुम्ही हा प्रयोग करायचा विचारही करू नका. आजचे डॉक्टरही करणार नाहीत, कारण त्या धुरात उपकार थोडा आणि अपाय फार.

धोत्र्यातला ॲट्रोपिन नावाचा घटक निराळ्या बाजूने काम करतो. मेंदूकडून नळ्यांना, आवळ, असा निरोप नसांतून येतो, तोच हा अडवतो. गोंधळ असा की तो रक्तातून मेंदूतही शिरतो. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांपुढे धूसर होतं, माणूस बरळायला लागतो. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातले असे रेणू घडवले ज्यांच्यावर कायमचा विद्युतभार असतो. असा रेणू नळीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत सहज जात नाही. त्यातला टिओट्रोपियम सगळ्यात चिवट. त्याला शेपूटही नाही आणि तो दडूनही बसत नाही, एकदा धरलेली जागा सोडतच नाही. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा निम्मे रेणू सुटायला जवळजवळ पस्तीस तास लागले. म्हणून तो दिवसातून एकदा घेतला तरी पुरतो. इतर औषधांनी दमा आटोक्यात येत नसेल तर डॉक्टर कधी कधी त्याची जोड देतात.

इतकं सगळं वाचून वाटेल, मग आता फक्त बारा तासांचं औषध घ्यायचं आणि खुशाल राहायचं. इथेच मोठी गोम आहे. ही औषधं स्नायू सैल करतात, नळीची सूज मात्र तशीच राहते. माणसाला बरं वाटतं आणि आत सूज वाढत राहते. अमेरिकेत सालमेटेरॉल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मिळून २६ हजारांहून अधिक दमेकऱ्यांवर एक मोठी चाचणी झाली. सालमेटेरॉल घेणाऱ्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. चाचणी २००३ मध्ये थांबवावी लागली. तेव्हापासून डॉक्टर बजावतात की दम्यात हे औषध एकटं कधीही घ्यायचं नाही, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या जोडीनेच घ्यायचं. पुढे हजारो रुग्णांवर पुन्हा चाचण्या झाल्या. जोडीने घेतलं तर तो धोका दिसला नाही, आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध खात्याने जोडीच्या पंपांवरची ठळक धोक्याची चौकट काढून टाकली. आज दुकानात मिळणाऱ्या बारा तासांच्या पंपांत बहुधा दोन्ही औषधं एकत्रच भरलेली असतात.

स्टेरॉइड म्हटलं की आत्या-मावश्या घाबरतात. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममधली असते, थेट नळ्यांवर पडते. घशात राहिलेल्या भुकटीने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून ओढून झाल्यावर खळखळून चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. आणि पंपाची सवय लागते म्हणतात, तेही खरं नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याचं व्यसन लागलं असं कुणी म्हणतं का? लपवून ठेवलेला पंप मात्र वेळेला सापडत नाही, म्हणून तुमच्या वर्गात कुणाकडे असेल तर तो कुठल्या कप्प्यात आहे हे शेजारी बसणाऱ्याला ठाऊक हवं. कुठलं औषध, किती वेळा, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर सरसर चढणारी मुलं पाहून कुणी विचारेल, दमा असला तर हे जमतं का, आणि बारा तासांचं औषध घेऊन स्पर्धेत उतरलं तर पकडतात का? दमा ताब्यात असेल तर खेळायला हरकत नसते. पकडापकडीचं म्हणाल तर उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था, वाडा, हिने आकडेच ठरवून दिले आहेत: श्वासावाटे सालमेटेरॉल चोवीस तासांत २०० मायक्रोग्रॅमपर्यंत, फॉर्मोटेरॉल ५४ पर्यंत. तेच औषध गोळीतून घेतलं तर मात्र खेळाडू बाद. नळ्यांपुरतं पोचलेलं औषध आणि अंगभर फिरलेलं औषध, वाडाच्या हिशेबी हे दोन वेगळे गुन्हे. एक तर गुन्हाच नाही.